आमच्या मासिकातल्या उडत्या तबकड्या

मी प्रूफं तपासायची. "म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, हो, आणि घरी गेल्यावर फुकट काढते. नवऱ्याला याची सवय झाली होती. सासूबाईंना शेवटपर्यंत झाली नाही.

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. नवरा एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात होता. मी मॅट्रिक झालेली, घरात बसून बसून जीव विटला होता. अशात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका छापखान्याच्या जिन्यावर 'शुद्धलेखन येणारी व्यक्ती पाहिजे' अशी पाटी लागली आणि मी पदर खोचून सरळ वर गेले. पन्नासचं दशक संपत आलं होतं. वर एक टेबल, एक बाक, परत आलेल्या अंकांचे गठ्ठे, त्या गठ्ठ्यांमधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आणि त्या वाटेच्या टोकाला आमचे संपादक.

सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणते. नाव लिहायचं मला कारण नाही. हायस्कुलात विज्ञान शिकवायची बरी चाललेली नोकरी सोडून या माणसानं विज्ञानकथांचं मासिक काढलं होतं. अमरावतीत! जिथं माणसं सकाळी उठून आधी कापसाचा भाव विचारतात, तिथं हे गृहस्थ मंगळावरच्या कालव्यांच्या गोष्टी छापत होते. गठ्ठे एसटीनं अकोल्याला जात आणि त्यातले बरेच सुतळीसुद्धा न सोडता माघारी येत.

भाऊसाहेब मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे. पण शिकायला पुण्यात राहून आलेले, आणि तिथली जी भाषा उचलून आणली ती खाली ठेवायला तयार नव्हते. गावाहून त्यांची आई आली की ते तिला आतल्या खोलीत नेत, दार लोटून घेत आणि हळू आवाजात बोलत. दाराआडून "कावून वो माय" ऐकू आलं की मला हसूही यायचं आणि रागही. आमची वऱ्हाडी काय कुठून चोरून आणलेली आहे, की ती दार लावून बोलावी?

त्यांच्या टेबलाच्या खणात जुनी अमेरिकन मासिकं होती. मुंबईच्या फुटपाथवरून कुणीतरी आणून दिलेली, कव्हरं फाटलेली. एक दिवस त्यातलं एक माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "बाई, हे बघा. तिकडे विज्ञानकथांच्या एका मासिकाचा संपादक होता. कुणाला कसले आवाज ऐकू आले, कुणाला काय दिसलं, ही वाचकांची पत्रं तो 'ही गोष्ट नव्हे, हे खरं आहे' असं म्हणून छापू लागला. पुढे एका वैमानिकाला आकाशात तबकड्यांसारख्या चकाकत्या वस्तू उडताना दिसल्या. या संपादकानं त्या वैमानिकाला गाठलं, त्याला लिहितं केलं, चित्रं काढून घेतली. आणि बघता बघता सगळी अमेरिका माना वर करून फिरायला लागली."

"आणि त्याचं मासिक?"

"हातोहात खपायचं." भाऊसाहेबांचा चेहरा असा काही उजळला, की मला त्यांची कीव आली. "एका संपादकानं एक अख्खा देश आकाशाकडे पाहायला लावला, बाई. आपल्याला एक वऱ्हाड लावता येणार नाही?"

"त्या संपादकाला स्वतःला दिसली होती का पण तसली वस्तू?"

भाऊसाहेबांनी मासिक मिटलं. "ते यात दिलेलं नाही," म्हणाले.

तर अशा रीतीनं आमच्या मासिकात 'प्रत्यक्षदर्शी' नावाचं सदर सुरू झालं. उडती तबकडी पाहिली असेल त्यानं कळवावं, नाव-गावासकट छापू, असं आवाहन. आता चित्र पाहिजे. ब्लॉक, म्हणजे चित्राचा धातूचा ठसा, करून घ्यायचा तर नागपूर गाठावं लागे. पण तेव्हाच्या छापखान्यांची एक रीत होती, जुना ब्लॉक म्हणून फेकायचा नाही. लग्नपत्रिकेवरचा गणपती शाळेच्या गॅदरिंगला चाले, सर्कशीच्या जाहिरातीतला हत्ती भूगोलाच्या पुस्तकात जाऊन उभा राही. खिळे जुळवणाऱ्या आमच्या कंपोझिटरनं खण उपसून एक ब्लॉक आणला. घुमटासारखा आकार, रुंद काठ, मध्यभागी एक गोळा. त्यानं तो उलटा धरला, काठ वर आणि गोळा खाली, भोवती किरणांसारख्या चार रेघा लावल्या आणि म्हणाला, "घ्या, ही उडाली." सगळ्यांना पसंत पडली. मुळात ते कशाचं चित्र आहे, हे कुणी विचारलं नाही.

आणि काय सांगू, पत्रांचा नुसता पाऊस पडला! तेल्हाऱ्याच्या एका अडत्याला बैलगाडीतून येताना तबकडी दिसली. नांदगावकडच्या एका तलाठ्याच्या डोक्यावरून गेली. बाळापूरचा एक शिंपी तर स्वतः बसमध्ये बसून सांगायला आला. "बिल्कुल वैसीच थी साहब, जैसी आपकी किताब में है," तो म्हणाला. "नीचे लट्टू भी था." हा लट्टू सगळ्यांनाच दिसला होता. कुणी त्याला गोळा म्हणे, कुणी गाठ, कुणी बोंड, पण होता प्रत्येकाच्या तबकडीला. भाऊसाहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "एकमेकांना न ओळखणारी माणसं, बाई! तीन तालुके आणि एकच गोळा! याला पुरावा म्हणतात." अकोल्याचे गठ्ठे परत यायचे बंद झाले. पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला जिलबी आणली.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि आमच्याच बाजारातले भांड्यांचे एक दुकानदार अंक नाचवत वर आले. खुर्चीत बसायच्या आधी ते म्हणाले, "भाऊसाहेब, माह्या गंजाचं झाकन तुमी आभायात कायले उडवून राह्यले?"

भात शिजवायच्या गंजाचं, पातेल्याचं झाकण होतं ते! त्यांच्याच दुकानाच्या दिवाळीच्या जाहिरातीतलं. धरायची मूठ म्हणजे आमचा गोळा. मी हसता हसता बाकावर आडवी व्हायचीच बाकी राहिले. दुकानदार रागावले मुळीच नव्हते. बायका येऊन 'तबकडीवालं झाकण' मागू लागल्या होत्या, तेव्हा चित्राखाली दुकानाचं नाव घालता आलं तर पाहा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते गेले आणि भाऊसाहेब तो ब्लॉक हातात घेऊन उलटासुलटा करून पाहू लागले.

"मग त्या लोकांनी काय पाहिलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"काहीतरी पाहिलं असेल," मी म्हटलं. "पण गोळा आपला."

"असू द्या. वाचकांना आता त्याची सवय झाली आहे," ते म्हणाले आणि ब्लॉक तसाच चालू राहिला.

मी हे सांगते आहे म्हणून कुणी त्यांना लबाड समजू नका. लबाड माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांच्याकडे एवढा धीर नसतो. भाऊसाहेब तासन्‌तास लोकांचं ऐकत. खेड्यातून आलेल्या माणसाला चहा देत, समोर बसवत आणि विचारत, "तुम्ही काय पाहिलंत?" आमच्याकडे माणसाला काय काय विचारतात? कापूस किती झाला, पोरीचं जमलं का, कोणाचे तुम्ही. तुझ्या डोळ्यांनी तू काय पाहिलंस, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. तो प्रश्न ऐकून माणसं ताठ बसत. मला वाटतं, वऱ्हाडातली अर्धी माणसं तबकडीसाठी नव्हे तर त्या एका प्रश्नासाठी जिना चढत होती.

खोट होती ती पुढच्या कामात. आलेला मजकूर भाऊसाहेब 'सुधारत'. वऱ्हाडी वाक्य त्यांना नागव्या पोरासारखं वाटे; अंगावर काही घातल्याशिवाय ते त्याला चारचौघांत जाऊ देत नसत. आणि एकदा घालायला बसले की टोपी काय, अंगरखा काय, हातात काठीसुद्धा. दिव्याचा 'तेजोगोल' होई, माणूस घाबरला असेल तर तो 'विस्मयचकित' होई.

अशात बाळापूरजवळच्या एका खेड्यातून प्राथमिक शाळेच्या मास्तरांचा कागद आला. पोरवय संपलेलं नाही, नोकरीही नवी, असा तो मास्तर असावा हे अक्षरावरून कळत होतं. त्यानं सुरुवातीलाच लिहिलं होतं, जसं पाहिलं तसं आणि जसं बोलतो तसं लिहितो आहे, मुलांनाही तसंच लिहायला लावलं. पुढचा मजकूर मला अजून पाठ आहे:

'दिवस बुडाला होता. म्या अन् वर्गातले पोट्टे शाळेमांगं उभे होतो. वर उंच एक पांढरं गोल दिसलं. चांदनीहून मोठं, चंद्राहून लहान. हालत नव्हतं. आवाज नव्हता. अंधार पडला तसं लालसर झालं अन् मंग दिसेनासं झालं. ते काय होतं, मले मालूम नाई.'

प्रूफ हातात आलं तेव्हा त्यात होतं: 'सूर्यास्तसमयी एक तेजःपुंज यान नभोमंडलात अवतीर्ण झाले. त्याच्या तळाशी असलेला गोल स्पष्ट दृग्गोचर होत होता. भ्रमरांच्या गुंजारवासारखा ध्वनी कानी पडला. क्षणार्धात रक्तवर्ण धारण करून ते अंतराळात झेपावले. हे यान या पृथ्वीवरचे नव्हते, याविषयी माझ्या मनात संदेह उरला नाही.' खाली मास्तरांचं नाव, गाव, शाळा.

मी प्रूफ घेऊन टेबलाशी गेले. "भाऊसाहेब, हे त्यानं लिहिलेलं नाही."

"मी फक्त भाषा सुधारली आहे, बाई."

"भाषेला खालून गोळा कुठून फुटला?"

"सगळ्यांच्या वर्णनात आहे तो. ह्यांच्या लक्षात आला नसेल."

"आणि ते भुंगे?"

त्यांचे कान लाल झाले. "जसंच्या तसं छापलं तर पुण्याचे लोक हसतील आपल्याला."

"पुण्यात आपला अंक घेतो कोण?"

यावर त्यांनी ते प्रूफ माझ्या हातातून काढून घेतलं. पान त्यांचं होतं. माझा अधिकार काना-मात्रेपुरता. अंक तसाच निघाला आणि मी घरी जाऊन भांडी आपटली.

पुढे किती तरी वर्षांनी मी कुठंतरी वाचलं, की हैदराबादकडून शास्त्रज्ञ त्या काळात मोठमोठे फुगे आकाशात सोडत, ते फार उंच जात, आणि दिवस मावळल्यावरही त्यांच्यावर ऊन राही. मास्तरानं पाहिलं ते तसलं काही असेल. नसेलही. मी तिथं नव्हते.

उन्हं तापायला लागली होती तेव्हा मास्तर स्वतः आला. सडपातळ, पांढरा सदरा-पायजमा, खांद्याला कापडी पिशवी. बाकावर बसा म्हटलं तर बसला नाही. पिशवीतून अंक काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हे म्या नाई लिहिलं."

त्याच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धर्म स्वीकारला होता. त्यांच्या वस्तीतून मास्तर झालेला तो पहिला. आपली लेकरं याच्यापुढे पाटी घेऊन बसतात, हे गावातल्या काही जणांच्या पोटात दुखतच होतं. त्यांना आमचा अंक आयता सापडला. ते अंक घेऊन अकोल्याला शिक्षणाच्या कचेरीत गेले, की हा मास्तर पोरांना भिववतो, अंधश्रद्धा पसरवतो. वाटेतल्या प्रत्येक शेंदऱ्या दगडाला हात जोडणाऱ्यांनी ही तक्रार करावी! मास्तरची नोकरी अजून कायम झाली नव्हती. चौकशी लागली होती, आणि तीत उलटं गेलं असतं तर त्याला पुन्हा शाळेची पायरी चढता आली नसती.

"नोकरी जाईन तं जाईन," तो म्हणाला. "घरात मीच एकटा कमावता हाओ, पन ते सोडा. मी वर्गात पोट्ट्यायले सांगतो, कोनी सांगतलं म्हनून मानू नका, सोता पाहा. अन् माह्याच नावानं हे छापून आलं. पोट्टे मले इचारून राह्यले, गुरुजी, आमाले तं आवाज आला नव्हता, तुमाले कसा आला?"

भाऊसाहेबांनी चहा मागवला. चष्मा पुसला. म्हणाले, "पुढच्या अंकात काहीतरी करू."

"काहीतरी म्हणजे काय?" मी म्हटलं. मला राहवलंच नाही. "सरळ छापा ना, की ही वाक्यं आमची."

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी त्यांचा गळाच धरला आहे. मला कळत होतं त्यांना कशाची भीती वाटते ते. एका साक्षीत आम्ही भर घातली असं कबूल केलं, की बाकीच्या साक्षी कोण मानणार? आणि ते सदर गेलं की मासिक गेलं. नोकरी सोडून, आईच्या नजरेला नजर न देता, त्यांनी जे उभं केलं होतं ते त्या झाकणावर उभं होतं. मास्तर चहा न पिता निघाला. दारातून त्यानं चौकशीचा दिवस सांगितला.

त्या दिवशी सकाळी मी भाऊसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. माहेरी जायचंच आहे, सोबत होईल, असं वर सांगितलं. खरं कारण असं, की मी बरोबर नसते तर हा माणूस मूर्तिजापूरला चहाला उतरला असता आणि उलट्या गाडीत बसून परत आला असता.

अकोल्याच्या शिक्षण कचेरीतले साहेब गोल चेहऱ्याचे, पान खाणारे. मास्तर समोर उभा. आमची ओळख सांगितल्यावर साहेब चक्क खुश झाले. खणातून आमचाच अंक निघाला, पानं दुमडून ठेवलेला. "आम्ही नियमित वाचक," म्हणाले. मग मास्तरकडे वळून आवाज जरा सरकारी केला. "हे पाहा गुरुजी, मला हे प्रकरण वाढवायचं नाही. लिहून द्या, काहीच पाहिलं नाही, मुलांना भास झाला. मी फाईल बंद करतो."

केवढी सोपी वाट! मी मनात म्हटलं, दे बापा लिहून आणि सुटून जा.

मास्तरनं मान हलवली. "पाह्यलं ते पाह्यलं, साहेब. नाई पाह्यलं असं कसं लिहू?"

"म्हणजे तबकडी पाहिली असं म्हणता?"

"नाई. पांढरं गोल पाह्यलं."

"अहो, एक काहीतरी म्हणा ना! ते काय होतं मग?"

"मले मालूम नाई."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "असं कसं लिहू मी रिपोर्टात? तुमच्या नावानं इतकं छापून आलं आहे आणि तुम्ही म्हणता मालूम नाही."

तेव्हा भाऊसाहेब उठून उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. "गोळा माझा आहे," ते म्हणाले. "आवाज माझा आहे. शेवटचं वाक्य माझं आहे. गुरुजींनी यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जत्रेतून आणलेला फुगा दारातच फुटावा तसा. "म्हणजे तेल्हाऱ्याची ती? नांदगावची? त्यापण?"

"त्यांनी काय पाहिलं ते आता मलाही सांगता येणार नाही. मूळ मी शिल्लकच ठेवलं नाही."

मग साहेबांनी, अधिकारी म्हणून नव्हे, वाचक म्हणून, अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिली आहे का हो कधी?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले. "एकदाही नाही. रोज पाहतो मी वर. नाही दिसत."

मला त्या क्षणी त्यांच्यावरचा इतक्या दिवसांचा सगळा राग विसरायला झालं. सबंध वऱ्हाडाला दिसली आणि ज्यानं दाखवली त्याला नाही! हे दुःख तो माणूस एकटाच गिळत बसला होता आणि मी त्याच्या काना-मात्रेच्या चुका काढत होते.

साहेबांनी ठरवलं ते असं: मास्तरांचा मूळ मजकूर आणि संपादकांची कबुली पुढच्या अंकात सहीनिशी छापून यावी, तो अंक फाईलला लागेल आणि मास्तर मोकळे. न आली तर मास्तरांविरुद्ध लिहिण्यावाचून इलाज नाही.

बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. भाऊसाहेब हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. मास्तरनं त्यांना काही विचारलं नाही. तो म्हणाला, "आलेच हा तं आमच्याकडं चाला. बाळापूर काई दूर नाई. दिवस बुडताना पोट्टे उभे राह्यतात शाळेमांगं. तुमी बी पाहा."

आम्ही गेलो. बसनं बाळापूर, तिथून पुढं छकड्यात. आता पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. तो अंक निघाला. मास्तरचा मजकूर त्याच्या शब्दांत, मला पाठ होता तसा, खाली भाऊसाहेबांनी काय काय घातलं होतं ते त्यांच्या सहीनं. साहेबांनी तो फाईलला लावला, मास्तर कायम झाला, पुढे मुख्याध्यापक होऊन रिटायर झाला. गठ्ठे मात्र अकोल्याहून सुतळीसकट परत आले. तेल्हाऱ्याच्या अडत्यानं वर्गणी बंद केली; बाळापूरच्या शिंप्यानं तर निरोप पाठवला, की मी पाहिली ती पाहिली, तुम्ही कोण नाही म्हणणारे. काही महिन्यांत मासिक बंद पडलं. भाऊसाहेब गणिताच्या शिकवण्या करू लागले आणि मी दुसऱ्या छापखान्यात लग्नपत्रिका तपासू लागले. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच झालेलं नव्हतं. भाऊसाहेबांनी अजून काही ठरवलेलं नव्हतं.

शाळेमागं कापसाचं शेत होतं. वेचणी केव्हाच संपली होती, वाळक्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या. पोरं-पोरी ओळीनं येऊन थांबली, प्रत्येकाच्या हातात पाटी. मास्तरची रीत अशी, की पाहताना बोलायचं नाही, एकमेकांचं पाहून लिहायचं नाही, आणि मग एकेकानं वाचायचं. वाचून झालं की मास्तर विचारी, "खरं?" आणि पोर म्हणे, "हाव." भाऊसाहेबांनी एक पाटी मागून घेतली आणि ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

सूर्य गेला. आमच्या वऱ्हाडात आभाळाला कुठं डोंगराची अडचण नाही, ते सगळं उघडं पडतं. भाऊसाहेबांनी मान मागं टाकली होती, चष्म्याच्या काचा लाल झाल्या होत्या, ओठ थोडे उघडे. एवढ्या आशेनं मी बाळंतिणीच्या दाराबाहेर बसलेली माणसंच पाहिली आहेत. मी देवाला फारसा त्रास देणारी बाई नाही. पण त्या वेळी मी मनात म्हटलं, अरे, याला दाखव की रे काहीतरी. फुगा दाखव, झाकण दाखव, काहीही दाखव.

एक घार गेली. मग चांदण्या उगवल्या.

अंधारण्याआधी मास्तरनं वाचायला सांगितलं. "घार दिसली. खरं? हाव." "चांदनी दिसली. खरं? हाव." एका पोरीनं लिहिलं होतं, पाव्हन्याच्या चष्म्यात सूर्य दिसला, सगळे हसले, पण तिलाही मास्तरनं "खरं?" विचारलंच. ओळ पुढं सरकत भाऊसाहेबांपर्यंत आली. त्यांनी तिथं काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या हातात खडू होता आणि आयुष्यभराची हौस होती. पोरांनी मानलं असतं. मीही, खरं सांगते, मानलं असतं.

त्यांनी पाटी डोळ्यांजवळ धरली.

"आभाय साफ होतं," त्यांनी वाचलं. "लय येळ पाह्यलं. मले काई दिसलं नाई."

पोरं त्यांच्याकडे पाहत होती. मास्तर दोन पावलं पुढं आला आणि इतरांना विचारलं तसंच, ना कमी ना जास्त, त्यांना विचारलं, "खरं?"

भाऊसाहेबांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"हाव," ते म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.